तिजोरीला दोन किल्ल्या, सर्व्हरला एकच?

पतसंस्थेची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येत नाही. एक किल्ली सचिवाकडे, दुसरी रोखपालाकडे. त्यातला एक जण लग्नाला गेला, तर किल्ली कोणाच्या ताब्यात दिली आणि किती वाजता, याची सही रजिस्टरात लागते. ही शिस्त गावोगावच्या संस्थांत इतकी मुरली आहे की तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही. त्याच संस्थेचा सर्व्हर, राऊटर आणि सगळ्या सभासदांची खाती मात्र कोणाच्या तरी मोबाइलमध्ये लिहून ठेवलेल्या एका पासवर्डवर उभी असतात. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

आमच्या निरगुडसरात हा विषय निघाला तो काका-पुतण्याच्या वादातून. तात्यांची हयात पंचक्रोशीतल्या एका पतसंस्थेत गेली, शेवटची वर्षे सचिव म्हणून. आता निवृत्त आहेत, पण त्यांना विचारल्याशिवाय संस्थेचे पान हलत नाही. पुतण्या हिंजवडीत एका कंपनीचे नेटवर्क सांभाळतो. ‘घरचाच आहेस, आमचं जरा बघून दे’ म्हणून संचालकांनी त्याला बोलावले. त्याने दोन पानी टिपण लिहून दिले आणि तात्या भडकले. मी शेजारचा. पंच म्हणून बसलो नव्हतो, तरी मध्येमध्ये तोंड घातलेच.

तात्या: दोन पानांत संस्थेची अब्रू काढलीस रे. म्हणे, सगळं एकाच जाळ्यात आहे. मग असणारच ना! संस्था एक, इमारत एक, जाळं एक.

पुतण्या: त्या एका जाळ्यात काय काय आहे, सांगू का तात्या? काउंटरचे संगणक, सर्व्हर, पासबुक छापायचा प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर. वायफायचा पासवर्ड तुम्ही नोटीस बोर्डावर लावलाय. म्हणजे भीमाशंकर कारखान्याचं उसाचं बिल काढायला जो जो येतो, त्याचा मोबाइलही त्याच जाळ्यात. त्याच्या मोबाइलमध्ये काय शिरलंय, हे त्या बिचाऱ्याला तरी माहीत असतं का?

तात्या: पावसाळ्यात रेंज जाते, माणसं तासतासभर ताटकळतात. लावला पासवर्ड, तर काय बिघडलं?

पुतण्या: वायफाय द्या की, वेगळं द्या. काउंटर निराळं, कॅमेरे निराळे, पाहुणे निराळे. एकातून दुसऱ्यात जायचं असेल तर फायरवॉलला विचारून. हे एकाच केबलवर, एकाच स्विचवर करता येतं. दुसरी वायर ओढायची गरज नाही, फक्त तशी सोय असलेला स्विच हवा. दिल्लीचं एम्स आठवतंय? 23 नोव्हेंबर 2022 ला तिथले सर्व्हर बंद पडले, सगळा डेटा कुलूपबंद झाला. पुढं सुमारे दोन आठवडे केसपेपर हातानं लिहीत होते. सरकारनं संसदेत उत्तर दिलं तेव्हा कारण काय सांगितलं? नेटवर्कचे नीट भाग पाडलेले नव्हते. देशातलं नावाजलेलं सरकारी रुग्णालय ते.

तात्या: एम्सवर डोळा ठेवणारे असतील. हॅकरला निरगुडसर कुठं आहे ते तरी माहीत आहे का?

हा प्रश्न तालुक्यातल्या प्रत्येक संस्थेत विचारला जातो, आणि विचारणारा भोळा नसतो. दरोडेखोर पाहणी करून येतो, हा त्याचा अनुभव असतो. इथे गडबड होते ती त्या अनुभवामुळेच.

पुतण्या: त्याला निरगुडसर माहीत असायची गरजच नाही. तुमच्या डीव्हीआरचं बघा. चेअरमन साहेबांना घरबसल्या कॅमेरे दिसावेत म्हणून बसवणाऱ्यानं राऊटरमधून त्याला सरळ बाहेर वाट करून दिलीय. पासवर्ड कारखान्यातून आला तोच. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम जगभर फिरला. कंपन्या डीव्हीआर नि कॅमेऱ्यांना जे ठरावीक नाव-पासवर्ड घालून पाठवतात, त्यातल्या साठेक जोड्या त्याला पाठ होत्या. इंटरनेटवर दिसेल त्या डब्याला तो त्या जोड्या लावून बघायचा. उघडला की आपलासा करायचा. अशा उघडलेल्या डब्यांची फौज करून 21 ऑक्टोबर 2016 ला अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स तासन् तास अडखळले. त्या फौजेत कुठल्या गावच्या संस्थेचा डीव्हीआर होता, हे तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

तो डीव्हीआर मी पाहिला आहे. जुन्या लेजरच्या गठ्ठ्यांवर, पोटमाळ्यावर ठेवलेला. वर धुळीचा थर, बाजूला पालीची अंडी, आणि अंगावर बसवणाऱ्याने चिकटवलेली चिठ्ठी: युजर अॅडमिन, पासवर्ड एक-दोन-तीन-चार-पाच. चिठ्ठीवर त्याचा मोबाइल नंबरही होता, तो तेवढा खोडलेला. म्हणजे दुरुस्तीला कोणाला बोलवायचे ते पुसून गेले आणि आत कसे शिरायचे ते मात्र ठळक राहिले.

तात्या: कॅमेऱ्याचं पटलं. बदला पासवर्ड. पण त्यातून पैसे कसे जातील? पैसे सर्व्हरमध्ये आहेत, आणि सर्व्हरला कुलूप आहे.

पुतण्या: कॉसमॉसचं कसं झालं?

कॉसमॉसचे नाव निघाले की तात्या सावरून बसतात. 1906 ची बँक, पुण्याची, सहकारातली. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. एटीएममधून पैसे मागितले की ती विचारणा एटीएम-व्यवहारांच्या स्विचमधून बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते, तिथे शिल्लक बघितली जाते आणि होकार येतो. चोरट्यांनी मध्येच आपला खोटा स्विच उभा केला. विचारणा बँकेपर्यंत पोहोचायचीच नाही, खोटा स्विच परस्पर होकार द्यायचा. नकली कार्डे घेतलेली माणसे 28 देशांत एटीएमसमोर उभी होती. काही तासांत परदेशात सुमारे 78 कोटी आणि देशात रुपे कार्डांवर अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्टच्या खोट्या संदेशांवर आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण 94 कोटी 42 लाख. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. तिजोरी कोणी फोडली नाही. ग्राहकांच्या खात्यांतली शिल्लकही जागच्या जागी होती, कारण तिच्यापर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते. फुटला तो मधला रस्ता.

तात्या: ती मोठी बँक, तिचा स्विच तिचा. आपलं सगळं सॉफ्टवेअरवाल्याकडं असतं. तो बघेल.

पुतण्या: तोही अडकतो. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज नावाच्या कंपनीवर हल्ला झाला. सहकारी आणि ग्रामीण बँकांना प्रणाली पुरवणारी कंपनी. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिचा धागाच तोडला, म्हणजे रोग पुढं पसरायला नको. तीनशेच्या आसपास छोट्या बँकांचे ग्राहक एटीएम आणि यूपीआयविना बसले. त्या बँकांच्या मॅनेजरांनी काय गुन्हा केला होता? काहीच नाही.

तात्या: मग त्यावर तुझा स्विच नि तुझी फायरवॉल काय करणार होती?

पुतण्या थांबला. खरे उत्तर ‘काही नाही’ असेच आहे, आणि ते त्याने दिले नाही. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी जी तयारी लागते ती वेगळी: दोन दिवस प्रणाली नसेल तर भरणा कुठे लिहायचा, पावतीपुस्तके छापून ठेवली आहेत का, रोज संध्याकाळी शिल्लक यादी कागदावर निघते का. ही सगळी तात्यांच्या पिढीची विद्या आहे. नव्या टिपणात तिला एक ओळही नव्हती.

तात्या: आता तुझ्या दुसऱ्या पानावर येतो. दर महिन्याला पासवर्ड बदला, त्यात मोठं अक्षर, आकडा, खूण. प्रत्येकाचा वेगळा. काउंटरवर बसलायस कधी? महिला बचत गटाच्या बायका एकदम येतात, पंधरा-पंधरा पासबुकं हातात. त्या गर्दीत आमची पोरगी कसला पासवर्ड आठवणार? ती लिहून ठेवणार. कुठं? कीबोर्डखाली.

पुतण्या: म्हणून सगळ्यांनी एकच लॉगिन वापरायचं? मग चुकीची नोंद कोणी केली ते कसं कळणार?

तात्या: वेगळं लॉगिन असू दे, ते मलाही पटतं. लेजरवर ज्याची त्याची सही असतेच. महिन्याला बदलायचं कशाला, ते सांग.

इथे मी तोंड घातले, कारण तात्यांच्या बाजूने साक्ष द्यायला मोठा माणूस होता. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायचा आणि त्यात खुणा-आकडे कोंबायचे, हा दंडक ज्या अमेरिकी सरकारी पुस्तिकेमुळे जगभर गेला, तिचा तो भाग 2003 मध्ये बिल बर यांनी लिहिला होता. 2017 मध्ये त्यांनीच जाहीरपणे सांगितले की त्यातल्या बऱ्याच सल्ल्यांचा आपल्याला पश्चात्ताप होतो. लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात आणि पासवर्ड बदलला म्हणतात. त्याच वर्षी ती पुस्तिका काढणाऱ्या संस्थेने, एनआयएसटीने, नियम फिरवला: पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तर बदला, उगाच मुदत लावू नका, आणि खुणांपेक्षा लांबीवर भर द्या. पुतण्याला हे ठाऊक होते. त्याच्या कंपनीचे धोरण अजून जुनेच आहे आणि टिपणात त्याने ते तसेच उतरवले होते.

पुतण्या: ठीक, मुदत काढतो. चार शब्दांचा लांब पासवर्ड, प्रत्येकाचा आपापला, आणि मोठ्या रकमेला मोबाइलवर दुसरी खात्री. पण अधिकार कमी करण्याचं मात्र मी सोडणार नाही. आज काउंटरवरच्या प्रत्येकाला सर्व्हरचे सगळे फोल्डर उघडता येतात. शिपाईसुद्धा व्याजदर बदलू शकेल. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. सॉफ्टवेअरवाल्याचं दुरून आत शिरायचं एनीडेस्क दिवसरात्र चालू आहे, तेही बंद. त्याला काम असेल तर फोन करील, आपण तेवढ्यापुरतं चालू करू.

तात्या: कर. रजिस्टरात नोंद पण कर. कोण आला, कशाला आला, कधी गेला. आता मला सांग, काउंटरचे अधिकार तू कमी केलेस, मॅनेजरचे कमी केलेस, सॉफ्टवेअरवाल्याला दाराबाहेर बसवलंस. सगळे अधिकार राहिले कोणाकडं?

पुतण्या: अॅडमिनकडं.

तात्या: म्हणजे?

पुतण्या: म्हणजे सध्या माझ्याकडं.

तात्या: आणि तू काय केलंस ते कुठं कळणार?

पुतण्या: लॉगमध्ये. प्रत्येक गोष्टीची नोंद पडते.

तात्या: तो लॉग कुठं असतो?

पुतण्या: सर्व्हरवर.

तात्या: आणि सर्व्हर?

पुतण्या: माझ्या ताब्यात.

तात्या: म्हणजे रोजकीर्दही तूच लिहिणार आणि लेखापरीक्षकही तूच! अरे, तू गुणाचा आहेस, मला शंका नाही. पण सहकारात मी जे अपहार पाहिले ते बाहेरच्यांनी नाही केले. ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास, ज्यानं कधी रजा घेतली नाही, ज्याच्याशिवाय कोणाला काही सापडायचं नाही, त्यानंच केले. रजा न घेणारा माणूस दिसला की मला आधी धास्ती वाटते.

पुतण्याचे सगळे टिपण बाहेरच्या चोराला धरून होते. तात्यांनी आयुष्यभर आतला चोर पाहिला. मला विचाराल तर या बैठकीत सगळ्यात तांत्रिक प्रश्न तात्यांनीच विचारला, आणि तो विचारायला त्यांना नेटवर्कमधले काही कळण्याची गरज पडली नाही.

बाहेरच्या जगाने हा प्रश्न महागात सोडवला आहे. 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नेटवर्कचा अभियंता टेरी चाइल्ड्स याने वरिष्ठांना पासवर्ड द्यायला नकार दिला. जाळे त्याने स्वतः उभारलेले, इतर कोणी ते बिघडवेल अशी त्याला भीती. जाळे व्यवस्थित चालू होते, पण शहराला त्यात हात घालता येईना. शेवटी त्याला अटक झाली आणि महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात भेटायला गेले, तेव्हा त्याने पासवर्ड दिले. 2010 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याने एक पैसाही चोरलेला नव्हता. 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकी गुप्तचर संस्थेची कागदपत्रे बाहेर आणली, तोही सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काम केलेला. त्यानंतर संस्थेच्या प्रमुखांनी जाहीर केले की अशा जागी यापुढे दोन माणसांचा नियम लावणार. म्हणजे आमच्या रोखपाल-सचिवाचा.

त्यांना इतके थांबायची गरज नव्हती. संगणकातली माहिती कशी जपावी यावर सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी 1975 मध्ये एक निबंध लिहिला. तो आजही या विषयाचा पाया मानतात. त्यातल्या तत्त्वांत पुतण्याचे ‘लागेल तेवढाच अधिकार’ आहे. जिथे जमेल तिथे दोन किल्ल्यांशिवाय उघडू नये, हेही आहे, आणि उदाहरण बँकेच्या लॉकरचेच आहे. वापरणाऱ्याला सहज जमेल अशीच व्यवस्था ठेवा, नाहीतर तो ती नीट वापरणार नाही, असेही त्यात आहे. कीबोर्डखालची चिठ्ठी त्यात आलीच.

पुतण्या: दोन किल्ल्या बोलायला सोप्या आहेत, तात्या. रात्री दोनला सर्व्हर पडला, तर मी दोन माणसं कुठून आणू? रात्री वस्तीवरून कोणी बाहेर पडत नाही, उसात बिबट्या असतो.

तात्या: रात्री दोनला तिजोरी उघडायची वेळ आली तर आम्ही काय करतो? सकाळपर्यंत थांबतो.

पुतण्या: हल्ला थांबत नाही. कॉसमॉसचा शनिवारी दुपारनंतरच सुरू झाला होता, उगाच नाही. पुढं रविवार. सोमवारपर्यंत थांबलात तर काय उरणार?

तात्यांना उत्तर सुचेना. इथे पुतण्या बरोबर आहे. तिजोरीला कोणी हात लावत नाही तोवर ती सुरक्षित असते, सर्व्हर मात्र चालू आहे तोवर उघडाच असतो. मग त्याच्याच तोंडून तोडगा निघाला, तो मला त्याच्या सगळ्या टिपणापेक्षा मोलाचा वाटला.

पुतण्या: असं करू. तोडायचा अधिकार सगळ्यांना देऊ. काउंटरवरच्या पोरीला पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसली, किंवा काही विपरीत वाटलं, तर तिनं कोणालाही न विचारता इंटरनेटची वायर काढायची. वायर लाल रंगाची ठेवू. चुकून काढली तरी तिला कोणी बोलायचं नाही. एनपीसीआयनं सी-एजचा धागा तोडला, तसंच. पण परत जोडायचं, पासवर्ड बदलायचा, बॅकअप पुसायचा, ते दोघांनी मिळून.

तात्या: आणि पासवर्ड?

पुतण्या: दोन भागांत. अर्धा माझ्याकडं, अर्धा मॅनेजरकडं. दोन्ही अर्ध्यांची एकेक प्रत बंद पाकिटात, लाख लावून, तिजोरीत. उद्या माझा अपघात झाला तर संस्था अडून राहायला नको. लॉग मी दुसऱ्या यंत्रावर पाठवतो, जिथं मला लिहिता येईल पण पुसता येणार नाही. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी सर्ट-इननं 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या आदेशात लॉग 180 दिवस ठेवायला सांगितलंच आहे, आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायलाही. तो लॉग महिन्यातून एकदा तुम्ही बघा.

तात्या: मला काय कळणार त्यातलं?

पुतण्या: रविवारी मध्यरात्री कोणी आत शिरलं होतं का, एवढं कळेल. ते विचारा.

बॅकअपवर फारसा वाद झाला नाही. रोजचा बॅकअप आजवर त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर पडत होता, म्हणजे सर्व्हर गेला की दोन्ही गेले. आता आठवड्याला एक डिस्क काढून तिजोरीत जाईल, दोन किल्ल्यांच्या आड. तिमाहीला ती एकदा जुन्या संगणकावर उघडून, एखाद्या सभासदाची शिल्लक कागदाशी ताडून बघायची. ताडून न पाहिलेल्या बॅकअपवर तात्यांचा विश्वास नाही, आणि तो नसावाच.

पैशांवर मात्र जमले नाही. पुतण्याला दरवर्षी परवाना लागणारी फायरवॉल हवी, तात्या म्हणतात सभासदांच्या लाभांशातून हा खर्च नको. माझे मत तात्यांकडे झुकते, निदान यंदापुरते. आधी भाग पाडणारा स्विच घ्या, डीव्हीआरची बाहेरची वाट बुजवा, नोटीस बोर्डावरचा कागद काढा. एवढे न करता फायरवॉल आणली तर ती महागडा डबा होऊन पोटमाळ्यावर बसेल. संस्थेतल्या विंडोज 7 वरच्या एका संगणकाचा प्रश्नही राहिला. त्याला 14 जानेवारी 2020 नंतर मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले. तात्या तो काढू देत नाहीत, कारण पासबुकचा जुना प्रिंटर त्याच्यावरच चालतो आणि बायकांना पासबुक छापून हवे असते. पुतण्याने त्याचे इंटरनेट तोडले, नुसता प्रिंटरपुरता ठेवला. हा तह किती टिकतो ते बघायचे. पेन ड्राइव्ह बंद करण्यावरून दोघेही अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होतात. तुम्ही कुठल्या पतसंस्थेचे, विकास सोसायटीचे किंवा दूध संस्थेचे सभासद असाल, तर यंदा लाभांशाचा विषय संपला की उठून एवढेच विचारा: सर्व्हरचा आणि राऊटरचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे, आणि ते कुठल्या रजिस्टरात लिहिले आहे? उत्तरात एकच नाव आले, तर तो माणूस कितीही सज्जन असला तरी ठराव मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.